म्हाताऱ्याची पाठ

१० जून

पोहोचले एकदाची! बोट चाळीस मिनिटं उशिरा आली, वाटेत एका जर्मन जोडप्यानं माझ्या बुटांवर कॉफी सांडली, तरी मी कुणावर ओरडले नाही. आमच्या फॅक्टरीतल्या बायकांना सांगितलं तर खोटं वाटेल त्यांना.

दाग्नी धक्क्यावर स्वतः आली होती, चक्क हातगाडी घेऊन. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, पण माझी बॅग एका हातानं उचलून गाडीत टाकली आणि म्हणाली, तीन आठवड्यांसाठी आलीस की नांदायला आलीस? घर लाल रंगाचं, बेटाच्या अगदी टोकाला. दारासमोर वाळवणीच्या मांडवांवरून सुका कॉड मासा उतरवणं चाललंय आणि मागं रुबार्बची भाजी कमरेएवढी माजलीय. बरं वाटलं बघून. घरात तिसरा माणूस पेडर. ज्या बोटीनं मी आले त्याच बोटीवर पस्तीस वर्षं इंजिन सांभाळून निवृत्त झालाय, आता दाग्नीच्या मेलेल्यांना भेटायच्या बैठकींना गातो. म्हणाला, इंजिनापुढं इतकी वर्षं गायलो, त्यानं कधी तक्रार केली नाही, मेलेले लोक तरी कशाला करतील! मी सहा वाफल्स खाल्ले, वर तपकिरी चीज. पेडर मोजत होता मेला.

दाग्नीचा नियम असा की रोज वहीत लिहायचं, बैठक झाली की लगेच, आणि कुणाला दाखवायचं नाही. लिहिलं की माणूस आपल्या जागेवर परत येतो, म्हणे. म्हणून ही वही. नाहीतर मी, तोरुन, वय अठ्ठावन्न, मासळीच्या कारखान्यात मुकादम, पाळीच्या तक्रारींपलीकडे आजवर काही लिहिलेलं नाही.

कशाला आले तेही लिहून ठेवते. बेचाळीस वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये माझा भाऊ आयलेव आमच्या म्हाताऱ्याबरोबर, बापाबरोबर, जाळी ओढायला गेला. तो एकोणीसचा, मी सोळाची. बोट उलटली. म्हातारा परत आला, आयलेव आला नाही. कुठं गेला, कसा गेला, शेवटचं काय बोलला, काही नाही. ‘समुद्रानं नेला,’ एवढंच सांगितलं आणि त्यावर एकोणचाळीस वर्षं तोंड मिटून बसला. तीन हिवाळ्यांपूर्वी मेला तोही न बोलता. चर्चच्या आवारात आयलेवच्या नावाचा दगड आहे आणि खाली नुसती माती. आई शहाऐंशीची झाली, नेसच्या वृद्धाश्रमात आहे. तिला त्या दगडाखाली ठेवायच्या आधी मला माझ्या भावाची हाडं तिथं आणायचीत. आणि ती कुठं आहेत ते एकट्या म्हाताऱ्यालाच ठाऊक. मेलो म्हणजे सुटलो असं त्याला वाटत असेल तर विसर म्हणावं!

११ जून

पहिली बैठक झाली. दुपारी बारा वाजता, लख्ख उजेडात. रात्री का नाही असं विचारलं तर दाग्नी हसली. म्हणाली, जूनमध्ये इथं सूर्य मावळत नाही, रात्र आणतेस कुठून? आणि मेलेल्यांना घड्याळ नसतं, मला मात्र दहाला झोप येते.

सकाळपासून पोटात फक्त पाणी. बैठकीच्या खोलीत जुन्या बोटीच्या फळ्यांचं एक उंच आसन आहे, तीन पायऱ्या चढून बसायचं. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये काठी, तिच्या टोकाला लोखंड. मग दाग्नी डोक्यावरून घोंगडी टाकते आणि ती आणि पेडर गायला लागतात. चारच ओळी, पण त्या फिरून फिरून येतात, आणि आपण आपला श्वास त्या ओळींना बांधायचा. ओळ चढली की घ्यायचा, उतरली की सोडायचा. टाचेनं ठेका धरायचा. हळूहळू पाय जड होतात, मग हात, मग जीभ.

काठीचे नियम दाग्नीनं माझ्याकडून तीनदा वदवून घेतले. एक ठोका म्हणजे मी खाली पोहोचले. दोन ठोके म्हणजे मला वर घ्या. तीन ठोके म्हणजे माझ्यासमोर जो कुणी आहे त्याला घालवून द्या. तीन ठोके पडले की गाणाऱ्यांनी काही न विचारता पाठवणीचं गाणं म्हणायचं आणि पुरं करायचं, कारण काय चाललंय ते घोंगडीखालच्यालाच दिसत असतं. पाठवणी झाली की तो गेला. पुन्हा बोलावून येत नाही. दाग्नीच्या चाळीस वर्षांत हे गाणं दोनदा लागलंय फक्त.

मला काहीच दिसलं नाही. कारखान्यातल्या पेट्यांचे नंबर दिसले. पेडर म्हणतो मी मस्त घोरत होते, आणि सुरात.

१३ जून

दिसला. अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

खाली गेले तर आमचं जुनं घर. दाराजवळची ती चिंचोळी जागा, जिथं बूट काढायचे आणि तेलकट कोट टांगायचे. सगळं जागच्या जागी, वाससुद्धा तोच. आणि दारासमोर त्या तिपाईवर म्हातारा. माझ्याकडं पाठ करून!

तीच पाठ. जिवंत होता तेव्हाही रोज संध्याकाळी जेवला की तिथं जाऊन बसायचा, तोंड बंद दाराकडं, पाठ आमच्याकडं, झोपेपर्यंत. आम्ही स्वयंपाकघरातून त्याची पाठ बघत बटाटे सोलायचो. शाळेचा निकाल मी त्या पाठीला दाखवलाय. लग्न ठरलं तेही पाठीला सांगितलं, आणि मोडलं तेही. आता एवढी उपाशीपोटी, घोंगडी पांघरून, मेलेल्यांच्यात उतरून आले, तर हा गृहस्थ वळूनसुद्धा बघत नाही. मी हाक मारली. बाबा म्हटलं, आर्न्ट म्हटलं, शेवटी ए म्हाताऱ्या म्हटलं. ढिम्म!

दाग्नी म्हणाली, हळू विचार पोरी, दरडावून ते बोलत नसतात. मी म्हटलं हळू विचारण्यात माझं सगळं तारुण्य गेलं.

१५ जून

आज मनात होतं नव्हतं ते सगळं ओकून आले. तू कसला बाप, तुला लाज कशी वाटली नाही, आई रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडायची ते तुला ऐकू येत नव्हतं का, निदान कुठला खडक तेवढं तरी सांग! बोलून बोलून घसा सुकला. त्यानं काय करावं? न वळता एक हात मागं केला, पंजा उघडा. थांब, असा. जेवताना आम्ही भांडलो की करायचा तसा. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

वर आल्यावर दाग्नीनं खोदून खोदून विचारलं. तोंड कुठं आहे त्याचं? दाराकडं. दार उघडं की बंद? बंद. पाय कसे आहेत? मी आठवून सांगितलं की एक पाय दाराला टेकवलेला असतो. तिनं काठी उचलून भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाली की आठवडाभर बैठक बंद. मेलेला माणूस असा दाराला पाय लावून बसतो तो विसाव्याला बसत नाही. तो कशासाठी बसलाय ते आधी मला गाण्यातून विचारू दे.

मी भडकले. तीन आठवड्यांची रजा, त्यातला एक संपत आला, आणि वर आईचा काय भरवसा? दाग्नीला म्हटलं, तुला माझा मुक्काम लांबवायचाय. पेडरनं कॉफी ओतली आणि म्हणाला की इंजिनाच्या खोलीत एक व्हॉल्व्ह होता, तो कशाचा ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि म्हणूनच पस्तीस वर्षांत आम्ही त्याला हात लावला नाही. मी म्हटलं, माझा बाप म्हणजे तुझी बोट नाही. कॉफी तशीच ठेवून वर निघून आले.

१६ जून

मिळाला! आयलेव मिळाला!

क्रमानं लिहिते. सकाळी दाग्नीच्या इतकी मागं लागले की तिनं हात टेकले. एकच अट घातली, खाली जाऊन नुसतं बघायचं, बोलायचं नाही. मी हो म्हटलं. खाली गेले तर पुन्हा ती पाठ, पुन्हा तो दाराला लावलेला पाय. अर्धा मिनिट बघितलं असेल. मग माझंच मला कळलं नाही. वाटलं, तुला बोलायचं नाही ना, मग हो बाजूला, दुसऱ्या कुणाला तरी बोलू दे. काठी उचलली आणि ठोकली, एकदा, दोनदा, तीनदा.

वर गाणं मध्येच तुटलेलं मला ऐकू आलं. दाग्नी ‘तोरुन!’ असं ओरडली. पण नियम तिचाच. पेडरनं थरथरत पाठवणीचं गाणं उचललं, मग तीही म्हणू लागली.

म्हातारा उठला. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा वळून त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. मला वाटलं होतं रागानं बघेल. तो घाबरलेला होता. ‘तोरुन, नको गं,’ एवढंच म्हणाला आणि गाणं संपता संपता दिसेनासा झाला. तिपाई रिकामी.

आणि लगेच दाराची मूठ खाली झाली. आयलेव आत आला. पिवळा तेलकट कोट, केस ओले, अगदी एकोणीसचा. मी ढसाढसा रडले. त्यानं स्वतःच सांगितलं की व्हेलखडकाच्या उत्तरेला कपार आहे, शेवाळाखाली, तिथं आहे मी. इतकं सोपं होतं! मग त्यानं विचारलं, आई कुठं आहे? म्हणाला, घरी जाऊन आलो, घर रिकामं आहे. मी सांगितलं नेसला, वृद्धाश्रमात, सात नंबरची खोली, खिडकी समुद्राकडं.

तेवढ्यात दाग्नीनं घोंगडी ओढून काढली. पांढरीफटक पडली होती. कुणाशी बोलत होतीस, काय सांगितलंस, आधी सांग. सांगितलं तर उठली आणि मोठ्या दाराला आतून लोखंडी पहार लावून आली. म्हणाली, दाराला पाय लावून बसलेल्या माणसाला उठवण्याआधी विचारावं गं, बाहेर कोण आहे. मला हसू आलं. बाहेर माझा भाऊ होता, बाई! उद्या आईला फोन करते, मग पाणबुडे. आज मी भांडणार नाही कुणाशी.

१७ जून

सकाळी आठला कॉफी घेत होतो तर अंगणातल्या खडीवर पावलं वाजली. पायरीवर बूट घासले. मग आतल्या खुंटीला ओला कोट टांगल्याचा आवाज. पेडरनं सवयीनं चौथा कप मांडला. आमच्याकडं माणसाच्या आधी त्याची चाहूल येते, यात कुणाला नवल वाटत नाही. आई तर बाबांची चाहूल लागली की बटाटे उकळत टाकायची आणि दहा मिनिटांत ते दारात असायचे.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. कुणी आलं नाही. बोट आज असतच नाही. पेडर बघून आला. पहार जागेवर होती, आणि खुंटीखाली फरशीवर पाण्याचं तळं, त्यात शेवाळाचं पान. दाग्नीनं चौथा कप उचलून चुलीत फेकला.

मी आईला फोन केला. वाटलं होतं आयलेव सापडला म्हटल्यावर रडेल. तिनं काय विचारावं? ‘म्हातारा उठला का गं दारावरून?’ लग्नाला निघालेल्या मुलीचा आवाज. मग सगळं सांगितलं, फोनवर, हवापाण्याचं सांगावं तसं.

त्या दिवशी दोघं उलट्या बोटीच्या कण्याला धरून होते. आयलेवचे हात सुटले, त्यानं म्हाताऱ्याचा पाय धरला. दोघांचं वजन त्याला पेलेना. त्यानं लाथ मारली. पहिल्यांदा सुटला नाही, म्हणून दुसरी मारली. त्याच रात्री आईला सांगून टाकलं होतं त्यानं. आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सहाला आयलेवची चाहूल. पावलं, बूट, आणि दाराची मूठ. म्हातारा दाराला पाय लावून बसायचा. आईला म्हणायचा, हा भेटायला येत नाहीये ओस्ता, न्यायला येतोय. आई त्याच्याशी एकोणचाळीस वर्षं भांडली. माझं लेकरू गारठून दारात उभं आहे आणि तू मला मूठ फिरवू देत नाहीस! मरूनही तो हटला नाही, म्हणे, आयलेवच्या पावलांचा आवाज दारापर्यंतच यायचा. मग मी तिला नेसला ठेवलं आणि आयलेवला ती सापडेनाशी झाली.

‘तू पत्ता सांगितलास ना? गुणाची गं माझी पोर,’ म्हणाली, आणि ठेवला फोन.

माझा राग कुणावर काढू? दोघांवर! सगळ्यांवर! एका वाक्याचं काम होतं. मी सोळा वर्षांची होते, सहा नव्हते. सांगितलं असतंत तर मी त्याच्या शेजारी दुसरी तिपाई टाकली असती. जन्मभर मी त्या माणसाचा दुस्वास केला आणि तो माझ्याच दाराला पाय लावून बसला होता.

१८ जून

दाग्नी गेली.

तरी लिहायचं, तिचाच नियम. ती म्हणाली, आर्न्टला आणायला मी जाते. येत नसतात, पण एकदा विचारून बघते. मी म्हटलं मी जाते, माझा बाप आहे. म्हणाली, तू रागात आहेस, रागावलेल्या माणसाचा आवाज त्याला लांबून ऐकू येतो. त्याला म्हणजे कुणाला ते तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मी आणि पेडर गायलो. तिचा एक ठोका पडला. मग बराच वेळ काही नाही. मग तिच्या टाचा ठेका सोडून आपटायला लागल्या. दोन ठोके पडले नाहीत. नियमानं थांबायला हवं होतं, पण मी घोंगडी ओढली. तिचं तोंड उघडं होतं आणि काठोकाठ पाण्यानं भरलेलं. दातांत वाळू. आसनाच्या पायऱ्यांवरून पाणी ओघळत होतं. मी चाखलं. खारट.

डॉक्टर दुपारच्या बोटीनं आला. हृदय, म्हणाला. पेडरनं ओली फरशी दाखवली तर म्हणाला, बादली सांडली असेल. मी त्याच्या अंगावर धावून गेले. पेडरनं धरलं मला.

१९ जून

पेडर मला काही बोलत नाही. शिव्या दे ना रे! म्हटलं तसं त्याला. म्हणाला, ठोके तू दिलेस, गाणं मी म्हटलं, कोण कुणाला शिव्या देणार.

सकाळपासून दोघं कान देऊन बसलो. पावलं नाहीत. खुंटीखालचं तळंही वाळलं. त्याला बरं वाटलं. मला नाही. इथं नाही तर मग —

चार वाजता आश्रमाचा फोन. लिव म्हणून नर्स आहे, चांगली आहे बिचारी. हसत सांगत होती, काल सहाला सात नंबरच्या बोळात कुणीतरी बूट घासत आलं, आम्ही कॉफी ठेवली, आलंच नाही कुणी. तुझ्या आईनं मात्र केस करून घेतलेत आणि निळा स्वेटर मागितलाय. कुणी खास येणार आहे का?

दाराला कुलूप लाव म्हटलं. आगीच्या नियमामुळं लावता येत नाही. खोली बदल म्हटलं. रिकामी नाही. मी ओरडले. ती म्हणाली, तोरुन, तू जरा विश्रांती घे.

उद्याची पहिली बोट.

२० जून

धुकं. बोट रद्द. धक्क्यावर नऊ तास. पेडरनं आपल्या जुन्या कप्तानाला फोन केला, हातापाया पडला. नाही म्हणजे नाही.

लिवचा फोन. आज सहाला चाहूल थेट दारापाशी. गालिचा ओला. नळ गळतोय असं वाटून प्लंबरला बोलावलंय. प्लंबरला!

आईशी बोलायचं म्हटलं. आई येत नाही फोनवर. लिवला म्हणाली, तिला सांग, बापाची बाजू घ्यायला आता उशीर झाला.

आयलेवा, ती तुझी आई आहे रे! तिनं नाही मारली लाथ. तिनं तर — तुला कळत नाही का मेल्या, तिनं तर दार उघडायला जन्म घालवला.

२१ जून, नेस

दुपारी दोनला पोहोचलो. आईचं तोंड धुतलेलं, निळा स्वेटर, गुडघ्यावर टॉवेल. त्याचे केस पुसायला.

आधी पेडरनं गाणं म्हटलं, मी पलंगावरची चादर डोक्यावरून घेतली. खाली गेले. तिपाई रिकामी. घर रिकामं. बाबा, बाबा म्हणून सगळीकडं ओरडले. पाठवणी झालेला माणूस येत नाही. नाहीच आला.

मग एकच उरलं. खुर्ची दारासमोर ओढली. बसलेय. पाय दाराला. पाठ आईकडं. पेडर बोळात उभा आहे, गातोय. लिवला काय सांगितलं देव जाणे.

लिहीत राहायचं. लिहिलं की माणूस जागेवर राहतो.

पाच पन्नास

आई मागून बोलतेय. थांबतच नाही. तू पण त्याच्यासारखी निघालीस. वळून बघ माझ्याकडं. मी मेले तरी बघणार नाहीस का? आई, मला बघता येत नाही गं. वळले की पाय सुटतो.

सहा

आधीची चाहूल आली. बूट. कोट. पेडरच्या शेजारून गेली, त्याचा सूर हलला. सावरला. चांगलं गातोस रे पेडर —

आता दहा मिनिटं. मग तो.

सहा वाजून सात

पेडर थांबला. मध्येच. हाक मारली. ओ देत नाही. दाराखालून पाणी येतंय —

मूठ. खाली. पाय रेटून धरलाय. गार लागतंय, बुटातून वर —

बोलला. त्याचाच आवाज. तोरुन, थंडी वाजतेय गं, म्हणाला.

शिव्या द्यायच्या होत्या. तयार ठेवल्या होत्या. एकही —

आयलेव, माफ कर रे. माफ कर. जा.

पलंग वाजला.

दोन वर्षं ही बाई उभी राहिलेली नाही. माझ्या शेजारी उभी आहे. टॉवेल हातात. सरक गं पोरी, म्हणते. अगदी हळू. मुठीवर हात ठेवलाय तिनं. मी तो काढला. पुन्हा ठेवला. बोटं सोडवतेय मी एकेक, ती पुन्हा धरते. किती ताकद —

एका पायानं दार आणि एका हातानं आई, दोन्ही होत नाही. तिला ढकलावं लागेल. जोरात. शहाऐंशी वर्षांची हाडं. पडली तर —

नाही ढकललं तर —

बाबांनी केलं. एकदा सुटला नाही, म्हणून दुसऱ्यांदा. मला —